‘नाइस’ म्हणजे नुसतं ‘छान’? एका शब्दावर घासून पाहिलेले कोश

कोश निवडताना बहुतेक जण मलपृष्ठावरची शब्दसंख्या बघतात, नाहीतर एखादा भलामोठा शब्द काढून बघतात. दोन्हींनी फारसं काही कळत नाही. ‘फोटोसिंथेसिस’चा अर्थ फुटपाथवर मिळणारा कोशही बरोबर देतो, कारण त्या शब्दाला अर्थच एक आहे. कोशाचं पाणी जोखायचं तर पहिलीतल्या पोराला येणारा शब्द काढावा. ‘नाइस’ काढावा. कौतुकाचं साधं विशेषण, वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालेलं की ते आपल्याला येतं याबद्दल कुणालाच शंका नसते. कोश उघडे पडतात ते अशाच शब्दांवर.

इथे घेतलेली साधनं इंटरनेटवर फुकट मिळतात; पैसे लागतात तिथे तसं लिहिलं आहे. कसोटी एकच: मराठीत विचार करून इंग्रजी लिहिणाऱ्या-बोलणाऱ्याला हा शब्द कुठे बसतो, पुढे कोणतं शब्दयोगी अव्यय घेतो आणि त्यातलं कौतुक किती वजनाचं आहे, हे त्या पानावरून कळतं का? निकाल आधीच सांगून टाकतो. पहिला नंबर ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीच्या संकेतस्थळाचा, आणि तोही बऱ्याच अंतराने. पण मराठी माणूस या शब्दाशी नेमका कुठे अडखळतो हे त्या कोशाला ठाऊक नाही, ठाऊक असण्याचं कारणही नाही. तेवढी भर आपली आपण घालावी लागते.

खिशातले इंग्रजी-मराठी कोश

आधी सगळ्यात खपणारा प्रकार. शाळेच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशांची ठरावीक पद्धत असते: ‘नाइस’ आणि पुढे छान, सुंदर, चांगला, नाजूक, सूक्ष्म, चोखंदळ अशी स्वल्पविरामांनी ओवलेली माळ. एकेक शब्द घेतला तर यातलं काहीच खोटं नाही. पण माळेतला कुठला मणी कधी उचलायचा ते लिहिलेलं नसतं, म्हणून वाचणारा पहिलाच उचलतो. मग ‘अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’चा ‘कायद्याचा छान मुद्दा’ होतो. वकिलीच्या भाषेत त्याचा अर्थ आहे कायद्याचा बारीक मुद्दा, ज्याचा निवाडा करणं अवघड जातं असा. इंग्रजी निकालपत्रं वाचणाऱ्या विद्यार्थ्याला हा प्रयोग आज ना उद्या भेटतोच.

उलट दिशेची गडबड याहून वाईट. ‘चोखंदळ’ला इंग्रजी शब्द हवा म्हणून कुणी आजीच्या खाण्याबद्दल ‘शी इज व्हेरी नाइस अबाउट फूड’ लिहिलं, तर आजचा इंग्रजी वाचक बुचकळ्यात पडेल. चोखंदळपणाचा तो अर्थ केव्हाच मागे पडला आणि ‘नाइस अबाउट’चा आजचा अर्थ भलताच आहे: एखादी गोष्ट समजुतीने, न चिडता घेणं. उशिरा पोचलात आणि यजमान रागावले नाहीत, तर ‘दे वर व्हेरी नाइस अबाउट इट’.

द्विभाषिक कोश घ्यायचाच असेल तर दुकानात उभ्या उभ्या तीन गोष्टी बघाव्यात. अर्थांना क्रमांक दिले आहेत का? ‘जुना’, ‘औपचारिक’, ‘उपरोधिक’ असे शिक्के आहेत का? प्रत्येक अर्थाला निदान एक वाक्य आहे का? तिन्ही नसतील तर पुस्तक परत ठेवावं. पाठांतरापुरतं ते चालेल, लिहायला बसल्यावर तोंडघशी पाडेल.

गूगलच्या शोधपट्टीत शब्द टाकून त्यापुढे ‘मीनिंग’ लिहिलं की जी चौकट उघडते तिचा मजकूर ऑक्सफर्डच्याच कोशविभागाकडून येतो. सुखद, दयाळू, सूक्ष्म, आणि ‘जुना’ असा शिक्का मारलेला चोखंदळ, हे चारही अर्थ तिथे सुटे सुटे मिळतात. घाईच्या वेळी ठीक. पण वाक्यरचनेची माहिती जवळपास नाही, आणि ‘नाइस’ची खरी अडचण तर रचनेतच आहे.

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स

या कोशाचा मूळ कर्ता ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होता. कोशाची पहिली आवृत्ती 1942 साली टोकियोत निघाली, ऑक्सफर्डने तो 1948 साली आपल्या नावाने काढला. दहावी आवृत्ती 2020 सालची. हा इतिहास सांगायचं कारण असं की ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांच्यासाठीच हा कोश रचला गेला. त्यामुळे ‘याचा अर्थ काय’ इतकंच महत्त्व ‘हा वापरतात कसा’ यालाही आहे. छापील आवृत्ती आणि ॲप विकत घ्यावं लागतं. संकेतस्थळ मोकळं आहे.

‘नाइस’चं पान वरून खाली असं वाचावं. आधी किल्लीचं चिन्ह आणि ‘ए वन’ ही सर्वांत प्राथमिक पातळी: हा शब्द अगदी प्राथमिक तीन हजारांतला. मग दोन स्पीकर, निळा ब्रिटिश उच्चाराचा आणि लाल अमेरिकन. त्यालगत ‘नाइसर, नाइसेस्ट’ ही रूपं. ती डोळ्यांखालून घालाच, कारण आपल्याकडे ‘मोअर नाइस’ सर्रास ऐकू येतं. मराठीत ‘जास्त छान’ म्हणतात, तेच इंग्रजीत उतरतं.

पुढे चार अर्थ. पहिला सुखद किंवा आकर्षक, दुसरा दयाळू वा स्नेहाने वागणारा, तिसरा उपरोधाचा, चौथा औपचारिक आणि सूक्ष्म भेदाचा. अर्थापेक्षा मोलाची गोष्ट उदाहरणांच्या आधी जाड ठशात असते: ‘नाइस टू डू’, ‘नाइस डूइंग’, ‘नाइस ऑफ समबडी’, ‘नाइस टू समबडी’, ‘नाइस अबाउट समथिंग’. बहुतेक जण ही ओळ ओलांडून थेट उदाहरणांवर जातात. तसं करू नका. हा कोश चांगला ठरतो तो त्या ओळीमुळेच, आणि मराठी माणसाच्या निम्म्या चुका तिथेच धरता येतात.

‘तो माझ्याशी छान वागला’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘शी’ प्रत्यय आहे, म्हणून इंग्रजीत ‘ही वॉज नाइस विथ मी’ येतं. हवं ‘नाइस टू मी’. ‘तुम्ही आलात, बरं केलंत’ यासाठी ‘इट्स नाइस ऑफ यू टू कम’. इथे ‘ऑफ’च्या जागी ‘फॉर’ घातलं की अर्थ बदलतो. ‘नाइस फॉर यू’ म्हणजे ती गोष्ट तुमच्यासाठी सुखाची; कधी कधी त्यात ‘तुमचं बरंय बुवा’ असा खवचटपणाही डोकावतो. ‘ऑफ’ने चांगुलपणा माणसाच्या खात्यात जमा होतो. सरकारी इंग्रजीतून आलेलं ‘नाइस फ्रॉम युअर साइड’ मात्र कुठल्याच खात्यात बसत नाही.

मग ते ‘आय ॲम नाइस’. कुणी ‘हाऊ आर यू’ विचारलं की ‘मी छान आहे’चं भाषांतर जिभेवर तयार असतं. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मी स्वभावाने गोड आहे’ असा होतो, आणि विचारणाऱ्याने ते विचारलेलं नसतं. तब्येतीला ‘फाइन’ किंवा ‘वेल’. कौशल्यालाही ‘नाइस’ चालत नाही: क्रिकेटमध्ये चांगली असलेली मुलगी ‘गुड ॲट क्रिकेट’ असते, ‘नाइस इन क्रिकेट’ नाही. या दोन्ही चुकांबद्दल ऑक्सफर्डच्या पानावर काही नाही. कोश जगभरच्या सगळ्या शिकणाऱ्यांसाठी आहे, मराठीसाठी वेगळा रकाना कोण ठेवणार? मराठी कोशकारांना इथे काम करायला रान मोकळं आहे, आणि ते अजून पडीकच आहे.

मराठीतला ‘छान’ अविकारी आहे आणि शिवाय दुहेरी नोकरी करतो. ‘छान गाणं’ म्हणताना विशेषण, ‘छान गाते’ म्हणताना क्रियाविशेषण, रूप तेच. इंग्रजीत ‘अ नाइस साँग’ पण ‘शी सिंग्ज नाइसली’. बोलीभाषेत इंग्रजही कधी ‘नाइस’वर भागवतात, पण परीक्षेत आणि पत्रात ‘नाइसली’च लिहावं. याची दुसरी बाजू अशी की हा नियम एकदा घोटून घेतलेली हुशार मुलं ‘द फ्लॉवर स्मेल्स नाइसली’ लिहितात आणि तिथे फसतात. वास, चव, दिसणं, स्पर्श, आवाज सांगणाऱ्या क्रियापदांपुढे विशेषणच येतं: ‘स्मेल्स नाइस’, ‘टेस्ट्स नाइस’, ‘लुक्स नाइस’. कारण वर्णन फुलाचं चाललं आहे. फूल वास घेण्याचं काम किती कौशल्याने करतं हे सांगायचं नाही.

‘नाइस अँड’ हा तुकडा ऑक्सफर्ड वाक्प्रचारांच्या यादीत वेगळा देतो, ते योग्यच आहे. ‘द टी इज नाइस अँड हॉट’ म्हणजे ‘चहा छान आणि गरम आहे’ असं नव्हे. ‘चहा मस्तपैकी गरम आहे’. पुढच्या विशेषणाला पसंतीची थाप देणं एवढंच ‘नाइस’चं काम. मराठीतलं ‘छानपैकी’, ‘चांगलं कडकडीत’ हे त्याचे सख्खे भाऊ. दोन अटी लक्षात ठेवाव्यात. पुढचं विशेषण हवंहवंसं असलं पाहिजे, म्हणजे ‘नाइस अँड वॉर्म’, ‘नाइस अँड क्वाएट’. आणि हा तुकडा सहसा क्रियापदानंतर येतो. नामाच्या आधी ‘अँड’ गळतो, ‘अ नाइस वॉर्म रूम’ असं होतं. ‘अ नाइस अँड वॉर्म रूम’ व्याकरणात अगदीच मोडतं असं नाही, पण कानाला खटकतं.

विशेषणांच्या क्रमासाठी मात्र केंब्रिजच्या संकेतस्थळावरचा व्याकरणाचा विभाग उघडावा, तिथलं कोष्टक जास्त स्वच्छ आहे. मत आधी, मग आकार, वय, रंग, मूळ, पदार्थ. ‘नाइस’ हे मत, म्हणून ते सगळ्यांत पुढे: ‘अ नाइस बिग रेड बॅग’. मराठीत ‘मोठी लाल छान पिशवी’ म्हटलं तरी कुणी हटकत नाही, इंग्रजीत ‘बिग रेड नाइस बॅग’ लगेच परकं वाटतं.

भेटीगाठींचे तीन तुकडे दिसायला सारखे आहेत आणि तिन्हींची वेळ वेगळी. पहिल्याच भेटीत, ओळख होताना ‘नाइस टू मीट यू’. त्याच भेटीतून निघताना ‘नाइस मीटिंग यू’. आधीपासून ओळख असेल तर ‘नाइस टू सी यू’. मुलाखतीतून उठताना पुन्हा ‘नाइस टू मीट यू’ म्हटल्याने नोकरी जात नाही, पण ऐकणाऱ्याला सांधा निखळल्यासारखा वाटतो. कारण ‘टू’वालं रूप समोर चाललेल्या गोष्टीबद्दल बोलतं, ‘इंग’वालं होऊन गेलेल्या.

पानाच्या मध्यावर ‘व्होकॅब्युलरी बिल्डिंग’ नावाची चौकट आहे. ‘नाइस’ आणि ‘व्हेरी नाइस’ टाळून काय लिहावं ते ती नामानुसार सुचवते: हवेला ‘प्लेझंट’ किंवा ‘परफेक्ट’, खोलीला ‘कोझी’ किंवा ‘कम्फर्टेबल’, माणसाला ‘काइंड’, ‘चार्मिंग’ किंवा ‘इंटरेस्टिंग’. शिक्षकांना ही चौकट फार आवडते. उपयोगीही आहे, पण ती जपून वापरावी. ‘नाइस मॅन’च्या जागी ‘इंटरेस्टिंग मॅन’ ठेवलं तर माणूसच बदलला! कितीतरी चांगली माणसं मुळीच इंटरेस्टिंग नसतात. नेमकं काय आवडलं हे ठरल्यावरच त्या यादीत हात घालावा. ठरलं नसेल तर ‘नाइस’च प्रामाणिक.

वजनाचा प्रश्न

इथे सगळेच कोश कमी पडतात. अर्थ सांगतात, वजन सांगत नाहीत. ‘नाइस’ हलकं आहे. ‘एक्सलंट’, ‘सुपर्ब’, ‘वंडरफुल’च्या रांगेत ते बरंच खाली उभं असतं, आणि लिखाणात तर आणखी खाली. शिफारसपत्रात ‘ही इज अ नाइस स्टुडंट’ एवढंच लिहिलं तर वाचणारा मनात म्हणतो, म्हणजे अभ्यासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही वाटतं. स्थळ बघून आल्यावर ‘मुलगा बरा आहे’ म्हणतात त्यातला सूर आठवा. ‘छान’पेक्षा कितीदा तरी ‘बरा’च ‘नाइस’च्या जास्त जवळ असतो, आणि एकाही द्विभाषिक कोशाने ‘बरा’ पहिल्या क्रमांकावर दिला तर आम्ही तो कोश डोक्यावर घेऊ.

‘क्वाइट’ लागला की भानगड वाढते. ब्रिटिश माणसाचं ‘क्वाइट नाइस’ म्हणजे ‘ठीक आहे, चालेल’. अमेरिकन माणूस तेच शब्द ‘चांगलंच आहे’ या अर्थाने वापरू शकतो. हा फरक ‘नाइस’च्या पानावर शोधू नका, ‘क्वाइट’च्या पानावरच्या चौकटीत बघा. लंडनच्या कार्यालयातून तुमच्या सादरीकरणावर ‘क्वाइट नाइस’ असा शेरा आला तर पेढे वाटण्याआधी एकदा विचारून घ्यावं. ‘नाइस ट्राय’चंही तसंच. ‘प्रयत्न चांगला होता’ म्हणताना ‘पण जमला नाही’ हे त्यात धरलेलंच असतं. कुणी थाप मारून निसटायला बघत असेल तर त्यालाही हेच ऐकवतात.

तिसरा, उपरोधाचा अर्थ मराठी वाचकाला सर्वांत सोपा जातो, कारण आपलं ‘छान’ तेच करतं. ‘अ नाइस मेस यू हॅव मेड’ म्हणजे ‘छान घोळ घालून ठेवलास!’ किंवा घरगुती मराठीत, ‘वा, चांगले दिवे लावलेस!’ इथे ‘छान’चं भाषांतर ‘नाइस’ शंभर टक्के बरोबर. खूण एकच: ‘नाइस’च्या पुढचं नाम वाईट असतं, किंवा आधी घडलेली गोष्ट वाईट असते. लेखी संदेशात आवाज नसतो, म्हणून एकटा ‘नाइस’ आणि पूर्णविराम असं उत्तर टोमण्यासारखं वाचलं जाऊ शकतं. कौतुकच करायचं असेल तर पुढे एक नाम जोडावं, ‘नाइस वर्क’, ‘नाइस फोटो’, म्हणजे गैरसमज टळतो.

इतिहास हवा असेल तर

ऑक्सफर्ड लर्नर्सच्या पानावर ‘वर्ड ओरिजिन’ असं लिहिलेली मिटलेली पट्टी असते, तिच्यावर बोट ठेवलं की उघडते. तिथली गंमत चुकवू नये. ‘नाइस’ मूळ लॅटिन ‘नेस्कियुस’ म्हणजे अजाण, यातून जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ होता मूर्ख. ‘ने’ म्हणजे न, ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ‘सायन्स’ याच धातूचा. मूर्खावरून लाजरा-बुजरा, तिथून खाण्यापिण्यात नखरे करणारा, मग चोखंदळ, मग काटेकोर आणि सूक्ष्म, असा तो सरकत गेला. सुखद हा अर्थ अठराव्या शतकात रुळू लागला, दयाळू त्याच्याही नंतर. सॅम्युएल जॉन्सनचा कोश 1755 सालचा. त्यात काटेकोर, नाजूक, चोखंदळ या घरातले अर्थ आहेत, ‘छान’ नाही. ‘नाइसटी’ या नामात जुना अर्थ अजून टिकून आहे: ‘टू अ नाइसटी’ म्हणजे अगदी तंतोतंत, आणि ‘नाइसटीज’ म्हणजे बारकावे किंवा शिष्टाचाराचे सोपस्कार.

हा प्रवास सविस्तर, दाखल्यांसह वाचायचा तर मोठी ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, पण तिला वर्गणी लागते. फुकटात मेरियम-वेबस्टर. अमेरिकन कोश, कालबाह्य अर्थ शिक्क्यासह देणारा. एक सावधगिरी: त्यांच्या छापील ‘कॉलेजिएट’ कोशात अर्थांचा क्रम ऐतिहासिक असतो, जुना आधी. ‘पहिला अर्थ तो मुख्य’ या सवयीने वाचलं तर भलताच अर्थ हाती लागतो. नव्याने इंग्रजी शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

मराठीकडून इंग्रजीकडे जाणाऱ्यांना शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश फुकट मिळतो. पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857. तिथे नुसत्या मराठी नोंदीच नाही तर संपूर्ण मजकुरातही शोधता येतं, म्हणजे ‘नाइस’ टाकून कोणत्या मराठी शब्दांच्या स्पष्टीकरणात तो आला आहे ते बघता येतं. झकास सोय आहे. फक्त साल विसरू नये. त्या काळी चोखंदळ-नाजूक हा अर्थ पुरता जिवंत होता, तेव्हा तिथला प्रत्येक ‘नाइस’ म्हणजे ‘छान’ समजून उचलला तर फसाल.

शब्दांची संगत बघायची तर

केंब्रिजचा कोश अर्थाच्या बाबतीत ऑक्सफर्डच्या पाठोपाठ. पानाच्या तळाशी इतर भाषांबरोबर मराठी प्रतिशब्दही देतो, तो मात्र एका शब्दाचा, म्हणजे पुन्हा खिशातल्या कोशाचीच गत. लाँगमनच्या कोशात बोलण्यातली आणि लिखाणातली वारंवारता वेगवेगळ्या खुणांनी दाखवतात. एखादं विशेषण गप्पांतलं आहे की लेखातलं हे ठरवायला ती खूण कामाची.

पण कमी माहीत असलेलं आणि ‘नाइस’साठी फार उपयोगी पडणारं साधन म्हणजे स्केल (SkELL). खऱ्याखुऱ्या लिखाणाच्या प्रचंड साठ्यातून शब्दांचा वापर शोधून देणारं ‘स्केच इंजिन’ ज्यांचं, त्याच मंडळींनी शिकणाऱ्यांसाठी केलेलं हे फुकट संकेतस्थळ. खातं उघडावं लागत नाही. शब्द टाकला की तीन कप्पे मिळतात: उदाहरणं, शब्दचित्र, सारखे शब्द. मधला कप्पा उघडावा. ‘नाइस’सोबत कोणती नामं खरोखर येतात, कोणती क्रियाविशेषणं मागे लागतात, याची यादी समोर येते. मग त्यातल्या नामावर टिचकी मारून वाक्यं वाचावीत. ‘नाइस रिसर्च’ लिहावं का अशी शंका असेल तर असा दोन मिनिटांचा शोध कुठल्याही नियमापेक्षा लवकर उत्तर देतो. त्रुटी एवढीच की वाक्यं यंत्राने निवडलेली असतात, मधूनच एखादं विचित्र निघतं, आणि उपरोध कुठला ते यंत्राला कळत नाही.

यंत्र-अनुवादाची परीक्षा घ्यायची असेल तर चार वाक्यं पुरतात. ‘द सूप इज नाइस अँड हॉट’, ‘इट इज अ नाइस पॉइंट ऑफ लॉ’, ‘शी वॉज व्हेरी नाइस अबाउट इट’, ‘अ नाइस मेस यू हॅव मेड’. अपेक्षित उत्तरं अनुक्रमे: सूप मस्तपैकी गरम आहे, हा कायद्याचा बारीक मुद्दा आहे, तिने ते अगदी समजुतीने घेतलं, छान घोळ घातलास. मग उलट दिशेने ‘मी छान आहे’, ‘ती छान गाते’, ‘तो माझ्याशी छान वागला’. एक वाक्य वेगळं टाकून आणि मग परिच्छेदात टाकून, असं दोनदा बघावं. संदर्भ मिळाला की यंत्राचं उत्तर सुधारतं. सातांपैकी पाचाच्या खाली गुण मिळाले तर त्या ॲपवर निदान पत्रव्यवहार सोपवू नये.

दहावीपर्यंतच्या मुलांना ऑक्सफर्ड लर्नर्सचं पान आणि केंब्रिजचं व्याकरण पुरे. कार्यालयीन लिखाण करणाऱ्यांनी त्यात स्केल जोडावं. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अनुवादकांनी मेरियम-वेबस्टर आणि मोल्सवर्थ हाताशी ठेवावेत. मोबाइलवर जागा नसेल तर एकही ॲप न बसवता ही सगळी पानं ब्राउझरमध्ये खूण करून ठेवता येतात. रेंज नसलेल्या गावात मात्र छापील ऑक्सफर्ड जवळ असावा.

शोधताना दोन सोंगं आडवी येतात. युनिक्स-लिनक्स या संगणक प्रणालींवर काम करणाऱ्यांना ‘नाइस’ ही आज्ञा भेटते: उणे 20 ते 19 अशी मापं, आकडा जितका मोठा तितका तो प्रोग्रॅम इतरांना वाट करून देतो, म्हणजे सज्जन. हा दयाळू अर्थातलाच विनोद आहे, कोशात मिळाला नाही तरी हरकत नाही. दुसरं सोंग मोठ्या ‘एन’चं. ट्रेडमार्कच्या अर्जात मालाचे आणि सेवांचे जे 45 वर्ग असतात त्या वर्गीकरणाच्या नावात हीच चार अक्षरं आहेत. 1957 सालचा तो करार फ्रान्समधल्या शहरात झाला, त्या शहराचं नाव ‘नीस’ असं उच्चारतात, आणि इंग्लंडमध्ये साखर भुरभुरलेल्या खोबऱ्याच्या बिस्किटावर तीच अक्षरं उठवलेली असतात तेव्हा तिथेही बरेच जण ‘नीस’च म्हणतात. आपल्याकडे त्या जातीचं बिस्किट ‘नाइस’ म्हणूनच मागतात आणि दुकानदार देतोही.